साचा परका, माती इथली

बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या जुन्या गावाला पांढरी असते. पिकाची काळी आणि वस्तीची पांढरी, ही वाटणी इथल्या शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. मातीची घरं पडली, त्याच जागी पुन्हा उभी राहिली. चुलीची राख, शेण, हाडं सगळं तिथंच मुरत गेलं आणि शतकानुशतकं टेकाड चढत राहिलं. वळवाच्या पावसाने त्याचा उतार धुतला की वर येतात मणी, शंखाच्या बांगडीचे तुकडे आणि ढिगाने खापऱ्या. एखाद्या वेळी मातीचं लहानसं डोकं हाती लागतं. केस गुंफून वर बांधलेले, कानात जड कुंडलं, आणि उलटं करून पाहावं तर आतून पोकळ. किंवा दिव्यासारखं काहीतरी. पण पणतीसारखं उघडं नाही, वरून झाकलेलं आणि पुढे चोच काढलेलं. मग गावात चर्चा सुरू होते: हे रोमन आहे.

असं म्हणताना तीनपैकी कुठली गोष्ट म्हणायची आहे, हे आधी ठरवायला हवं. वस्तू रोमन साम्राज्यात घडली आणि गलबतातून इकडे आली, ही पहिली. वस्तू इथंच घडली, पण घडवण्याची रीत किंवा घाट तिकडचा, ही दुसरी. आणि तिसरी, सगळ्यात साधी: रोमचा इकडे व्यापार चालू होता त्या काळातली, म्हणजे सातवाहनांच्या काळातली वस्तू. या तिन्हींत फार अंतर आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कोण कुठून कुठे गेलं, कुणी कुणाकडून काय शिकलं, याची सगळी गोष्ट त्या अंतरात आहे. हे ठरवायची साधनं त्या तुकड्यातच असतात.

भीमेच्या खोऱ्यातून तेरकडे

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या, ग्रीक लिहिणाऱ्या कुणा अनामिक व्यापाऱ्याने समुद्री व्यापाराची माहितीपुस्तिका लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. तिच्यात भडोच, सोपारा आणि कल्याण ही बंदरं येतात. भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असंही ती सांगते. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणेकाठचं तेर.

इंदापूरहून तेर सरळ रेषेत साधारण एकशेवीस किलोमीटर. पश्चिमेला, इंदापूरच्याच पुणे जिल्ह्यात, जुन्नर आहे, नाणेघाटाच्या तोंडाशी. तिथल्या लेण्यांत इरिल, चिट आणि चंद या तीन यवनांचे दानलेख कोरलेले आहेत. एकाने पाण्याची टाकी दिली, एकाने भिक्षूंसाठी भोजनमंडप. पश्चिमेकडून आलेली माणसं या डोंगरांत नुसती ये-जा करत नव्हती, इथल्या धर्मकार्याला हातभार लावण्याइतकी रुळली होती. जुन्नरची कुकडी घोडेला मिळते, घोड भीमेला, आणि भीमा वाहत इंदापूर तालुक्यात येते. नीरा नरसिंहपूरला तिला नीरा भेटते. सह्याद्रीचे घाट आणि तेरची बाजारपेठ यांच्या मधला हा मुलूख आहे.

भडोचला काय उतरायचं, याची यादी ‘पेरिप्लस’मध्ये आहे: द्राक्षाची दारू, त्यातही इटलीची जास्त पसंतीची, तांबं, कथील, शिसं, पोवळी, कच्ची काच, सोन्यारुप्याची नाणी. परतीच्या मालात पैठणचे अकीक आणि तगरचं कापड. मातीच्या मूर्ती त्या यादीत नाहीत, दिवेही नाहीत. ते साहजिकच आहे. मातीची मूर्ती स्वस्त, वजनदार आणि फुटकी. तिच्यासाठी गलबतातली जागा कोण अडवणार? धातूचं तसं नाही. कोल्हापूरला ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडन या समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती खरोखर तिकडून आलेली आहे; ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात पाहता येते. उलट दिशेचा पुरावा तर आणखी बोलका. इटलीतलं पाँपेई शहर इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं. 1938 साली तिथल्या एका घरात हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी सगळ्यात जवळचं नातं सांगणाऱ्या हस्तिदंती मूर्ती तेर आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या आहेत.

म्हणजे संबंध होता, तो पक्का आहे. मग मातीच्या वस्तूंवर त्याची खूण कशी उमटली? इथं कुंभाराच्या हातांकडे वळावं लागतं.

एक साचा, दोन साचे

मातीची मूर्ती घडवण्याची सगळ्यात जुनी रीत म्हणजे बोटांनी. चिमटा काढून नाक, मातीची गोळी डकवून डोळे. याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 साली सुरू केलेल्या उत्खननात अशी मूर्ती मिळाली. घराच्या जमिनीखाली पुरलेल्या मातीच्या डबीत एक स्त्रीमूर्ती, आणि डबीवर दुसरी, बिनडोक्याची, सोबत बैल. काळ इसवी सनापूर्वी 1300च्या आसपास, आणि मूर्ती कच्च्या मातीच्या, न भाजलेल्या. बारामती तालुक्यात कऱ्हा-नीरेच्या संगमाजवळच्या सोनगावलाही त्याच संस्कृतीची वस्ती उत्खननात उजेडात आली आहे. रोमचं नावही नव्हतं तेव्हापासून इथल्या लोकांचे हात मातीशी खेळत होते.

त्यानंतरची रीत एका साच्याची. साच्यात माती दाबली की समोरची बाजू उठते. पाठ सपाट राहते. मूर्ती भिंतीला टेकवायला ठीक, पण हातात धरून फिरवली की तिचं अर्धेपण दिसतं.

सातवाहनकाळात तेर, पैठण, नेवासे, भोकरदन इथं तिसरी रीत दिसू लागते: दोन साच्यांची. गणपतीत आपण मोदकाचा जो बिजागरीचा साचा वापरतो, तसंच हे काम. एका साच्यात मूर्तीचा पुढचा भाग, दुसऱ्यात पाठ. दोन्हींत मातीची पातळ पोळी बोटांनी दाबून बसवायची, कडांना पातळ चिखल लावायचा आणि दोन्ही अर्धे भाग एकमेकांवर दाबून जोडायचे. माती थोडी सुकून आक्रसली की साचा आपोआप सुटतो. बाहेर आलेल्या मूर्तीच्या कुशीला जोडाची रेघ राहते. कुंभार ती चाकूने तासून पुसतो.

पोकळपणाचा फायदा फक्त वजनाचा नाही. ओल्या मातीत पाणी असतं. भरीव, जाड मूर्ती आव्यात घातली तर पोटातल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि मूर्ती तडकते किंवा फुटते. पातळ भिंतीची पोकळ मूर्ती सगळीकडून सारखी सुकते, सारखी भाजते. मात्र आतल्या हवेला वाट हवी, म्हणून तळाशी किंवा पाठीमागे भोक ठेवलेलं असतं. हातातल्या तुकड्यात असं भोक, कुशीला रेघ आणि आतल्या बाजूला बोटांचे ठसे दिसले, तर ती दुहेरी साच्याची मूर्ती. ते ठसे कुणा कारागिराच्या बोटांचे असतात, आणि इतक्या काळाने ते आपल्या बोटाखाली येतात याचं मला दरवेळी नव्याने अप्रूप वाटतं.

ही रीत भूमध्य समुद्राभोवती फार जुनी. ग्रीसमधल्या तनाग्रा इथल्या प्रसिद्ध मूर्ती इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकात अशाच साच्यांतून निघत होत्या. दख्खनमध्ये ती जोमाने दिसते ती रोमन व्यापाराच्याच शतकांत, म्हणून पुराविद ती पश्चिमेच्या संपर्कातून आली असं मानतात. मला हे पटतं. पण आली ती रीत. त्या साच्यांतून निघालेले चेहरे पाहा: भरलेले गाल, जड कुंडलं, कमरेला मेखला, गुंफलेल्या केसांवर दागिने. या बायका इथल्याच आहेत.

आणखी एक नवलाची वस्तू म्हणजे मातीची पदकं. रोमन सम्राट टायबेरियसचं नाणं ओल्या मातीत दाबून उठवलेली, वर दोरा ओवायला कडी असलेली. दख्खनमधल्या सातवाहनकालीन वस्त्यांत, उदाहरणार्थ तेलंगणातल्या कोंडापूरला, ती मिळाली आहेत. सोन्याचं नाणं गळ्यात घालणं ज्यांना परवडत नव्हतं, त्यांनी त्याचा ठसा घातला असावा. इथं एक गंमतशीर नियम कामाला येतो. माती सुकताना आणि भाजताना साधारण दहा टक्के आक्रसते. त्यामुळे ठशावरून केलेली वस्तू मूळ वस्तूपेक्षा लहान निघते. तिच्यावरून पुन्हा साचा केला तर पुढची आणखी लहान, आणि नाक-डोळे आणखी बोथट. एकाच नमुन्याच्या वस्तू आकाराने ओळीत लावल्या की अस्सल कोणती आणि नकलेची नक्कल कोणती, हे मोजपट्टीनेही कळू शकतं.

चोच असलेला दिवा

दिव्याची गोष्ट थोडी वेगळी, कारण तिथं रूपापेक्षा काम महत्त्वाचं. दिव्यात जळतं ते तेल. वातीचं काम ते वर चढवण्याचं. कापसाच्या धाग्यांमधल्या बारीक फटींतून तेल आपोआप वर सरकतं, ज्योतीच्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि ती वाफ पेट घेते. तेल आटत गेलं की त्याला जास्त उंच चढावं लागतं, ज्योत मंदावते, आणि आपण वात पुढे सारतो.

पणती उघडी असते. घडवायला सोपी, तेल घालायला सोपी, चाकावर झरझर निघते. देवळीत किंवा तुळशीपुढे एका जागी ठेवायची असेल तर तिच्यात काहीच उणं नाही. पण ती घेऊन अंधाऱ्या जिन्याने उतरायचं म्हटलं की तेल हिंदकळतं, सांडतं. त्यात किडे पडतात, उंदीर तोंड घालतात. रोमन दिवा या अडचणींवरचा तोडगा आहे. तेलाची कुपी वरून बंद. मधोमध तेल ओतायचं भोक. पुढे चोच आणि तिच्या टोकाला वातीचं दुसरं भोक. बरेचदा मागे बोट अडकवायला कान. झाकणाच्या गोल तबकडीवर देव, प्राणी, लढवय्ये असं चित्र. हाही दोन साच्यांतूनच निघायचा, वरचं अर्धं आणि खालचं अर्धं. उत्तर इटलीतल्या कारखान्यांच्या दिव्यांवर तळाला नाव उठवलेलं असे. ‘फोर्टिस’ हे नाव इतकं खपलं की साम्राज्याच्या दूरदूरच्या प्रांतांत त्याच्या नकला निघाल्या.

दख्खनच्या मातीकामात रोमन वळणाचे दिवे दिसतात, तेरच्या वस्तूंतही. पण पणती काही हटली नाही, आणि त्याचं कारण मला तेलात आणि वापरात दिसतं. तिकडे ऑलिव्हचं तेल, इकडे तीळ, करडई, जवस, एरंड. घरोघरी कुंभार पोचवत असलेली पणती जवळजवळ फुकट पडायची. झाकलेला दिवा ही हौसेची, नव्या चालीची वस्तू राहिली.

असा दिवा मिळाला तर आधी त्याच्या चोचीकडे पाहावं. काजळी असेल तर तो जळलेला आहे. चोच कोरी असेल तर तो कदाचित दुकानातच राहिला, किंवा कुठे वाहिला गेला. दिवा धुऊन घासू नये, हे म्हणूनच कळकळीने सांगावंसं वाटतं. भाजलेली माती तेल शोषते. त्यातली स्निग्धाम्लं प्रयोगशाळेत वेगळी करून ते वनस्पतीचं तेल होतं की जनावराची चरबी, हे ओळखता येतं. एरंडेलाची तर स्वतःची खास खूण मागे राहते. साबणाच्या एका हातात हा पुरावा बिघडू शकतो.

[चौकट]
तुकडा हाती आला तर काय पाहाल?
कुशीला जोडाची रेघ आणि आत बोटांचे ठसे असतील तर दुहेरी साचा. पाठ सपाट आणि पोट भरीव असेल तर एकच साचा. तुटलेल्या कडेवर मातीचा रंग पाहा: लाल, काळा की पांढरा. कडेत काळे खडे, चमकदार कण, तुसाच्या जळालेल्या पोकळ्या दिसतात का? नखाने टिचकी मारा. खणखणीत वाजला तर नीट भाजलेला. आणि सगळ्यांत आधी, तुकडा उचलण्यापूर्वी, तो नेमका कुठे आणि किती खोल होता त्याचा फोटो काढा.

माती कुठली?

टिचकीची परीक्षा तेरला नवी नाही. तेर हे संत गोरोबाकाकांचं गाव. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबांनी थापटण्याने संतांची डोकी वाजवून पाहिली आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तिच्यामागचं कारागिराचं ज्ञान खरं आहे. साधारण 600 अंशांच्या आसपास मातीच्या कणांत घट्ट बसलेलं पाणीही निघून जातं आणि ती पुन्हा चिखल होऊ शकत नाही. त्याहून वर कण एकमेकांना चिकटू लागतात आणि मडकं वाजतं. ज्या गावात सातवाहनकाळापासून इतकं उत्तम मातीकाम होत होतं, त्याच गावात तेराव्या शतकात कुंभार संत व्हावा, हा योग मला फार मोलाचा वाटतो.

तेरच्या अनेक सुबक मूर्ती केओलिनच्या, म्हणजे चिनी मातीच्या मुख्य घटकाच्या आहेत. आपली काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली. ती पाण्याने फुगते आणि सुकताना भेगाळते. म्हणून कुंभार तिच्यात राख, लीद मिसळून तिला आवरतो. लोह भरपूर असल्याने भाजल्यावर ती लाल होते. केओलिन कमी फुगतं, कमी आक्रसतं, पांढरं भाजतं आणि साच्यातली केसाएवढी रेघही उचलतं. चांगला साचा हाती आल्यावर कारागिराने त्याला साजेशी माती शोधली. हे काम आंधळ्या नकलेचं नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ: वस्तू बाहेरची आहे का? खापराचा पातळ काप काचेवर घासून इतका पातळ करतात की त्यातून प्रकाश जातो, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली त्यातली खनिजं पाहतात. पाँपेईच्या आसपास, कंपानिया प्रांतात घडलेल्या अँफोरांत, म्हणजे दारू-तेल वाहून नेणाऱ्या दोन कानांच्या उंच कुंभांत, काळी वाळू असते. ती व्हेसुव्हियस परिसरातली. आपल्याकडेही काळा खडक ज्वालामुखीचाच. नुसत्या डोळ्यांना दोन्ही काळे ठिपकेच. पण व्हेसुव्हियसच्या वाळूत सॅनिडीन नावाचं पोटॅशियमयुक्त खनिज असतं, आपल्या बेसॉल्टात ते नसतं. एवढ्या फरकावर खापराचं गाव ठरतं.

या परीक्षेने मोठमोठी मतं बदलली. मॉर्टिमर व्हीलर यांनी 1945 साली पुद्दुचेरीजवळ अरिकमेडूला उत्खनन केलं, तेव्हा आत नक्षीची वर्तुळं असलेल्या गुळगुळीत थाळ्या त्यांना भूमध्य परंपरेच्या वाटल्या. 1997 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे विश्वास गोगटे यांनी क्ष-किरणांनी त्या मातीतली खनिजं तपासली आणि ती माती बंगालमधल्या चंद्रकेतुगढ-तामलुक भागाची असल्याचं दाखवलं. अँफोरांचंही तसंच. भारतात अँफोरा म्हणून नोंदलेले बरेच तुकडे रॉबर्टा टॉम्बर यांच्या अभ्यासात वेगळेच निघाले: इराकच्या बाजूचे, बिनकानाचे, आतून डांबर फासलेले रांजण. म्हणजे रोमच्या खात्यात घातलेला माल काही प्रमाणात इराणी आखाताच्या व्यापाराचा होता. इतिहास यामुळे उणावला नाही. बंगाल, इराक, इजिप्त, इटली अशा चारही दिशा त्यात आल्या.

उताणी देवी कुणाची?

एका मूर्तीवरून विद्वानांत खरा मतभेद झाला. पाय फाकवून उताणी असलेली, डोक्याच्या जागी कमळ किंवा कंठहार असलेली लज्जागौरी तेर-नेवाशासारख्या सातवाहनकालीन वस्त्यांतून मिळते. ह. धी. सांकलियांनी तिचं नातं इजिप्तमधल्या बाउबो या नग्न देवीशी जोडलं आणि ती रोमन व्यापाराबरोबर इकडे आली असावी असं सुचवलं. रा. चिं. ढेऱ्यांनी ‘लज्जागौरी’ या ग्रंथात तिची मुळं रेणुका-यल्लम्माच्या इथल्या भूदेवीपरंपरेत शोधली. इनामगावची बिनडोक्याची मूर्ती रोमन व्यापाराच्या हजाराहून अधिक वर्षं आधीची आहे, हे पाहिल्यावर माझं मन ढेऱ्यांकडे झुकतं. सांकलियांबद्दलचा आदर त्याने कमी होत नाही. इनामगावच्या उत्खननात ते स्वतः होते.

वय कसं ठरतं?

पांढरीत खालचा थर जुना, वरचा नवा. एका थरात सातवाहन नाणं मिळालं आणि शेजारी दिवा, तर दिव्याचा काळ त्या नाण्याने बांधला जातो. तुकडा एकटा असेल तर दुसरी युक्ती आहे. मातीतल्या स्फटिककणांवर आसपासच्या जमिनीतलं युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांचा सूक्ष्म किरणोत्सर्ग सतत होत असतो, आणि त्याची ऊर्जा कणांत साठत जाते. आव्याच्या आचेने जुना साठा पूर्ण रिकामा होतो. भाजल्या दिवसापासून मोजणी नव्याने सुरू होते. प्रयोगशाळेत तो कण पुन्हा तापवला की साठा प्रकाशरूपाने बाहेर पडतो. प्रकाश जितका जास्त, वस्तू तितकी जुनी. पण वर्षाला किती साठा व्हायचा, हे कळायला ती वस्तू ज्या मातीत पुरली होती ती मातीच तपासावी लागते. कपाटात ठेवलेल्या, ठिकाण विसरलेल्या मूर्तीला हा हिशेब नीट लागू पडत नाही.

इथं माझी खरी काळजी आहे. पांढरीची माती राख आणि शेणाने कसदार असते, म्हणून ट्रॉल्या भरून ती शेतात जाते. शेतकऱ्याला ती कित्येक पिढ्यांपासून माहीत असलेली खत-माती आहे, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. उजनी धरणाच्या पाण्याखालीही भीमाकाठच्या जुन्या वस्त्या गेल्या, आणि उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं तशी खापरंही उघडी पडतात. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपल्या गावातल्या अशाच वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, म्हणून आज तिथं त्यांच्या नावाचं सरकारी वस्तुसंग्रहालय आहे आणि हजारो वस्तू डोळ्यांनी पाहता येतात. बारामती-इंदापूरच्या पांढरींतल्या वस्तूंनाही अशी राखणदार माणसं मिळायला हवीत.

कायदाही सोपा आहे. 1878च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं. तहसील कार्यालयातून हे काम होतं. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती 1972च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि ती देशाबाहेर नेऊन विकता येत नाही. अर्जात गट नंबर, खोली, शेजारी काय मिळालं आणि फोटो एवढं दिलं तरी पुराविदाला पुढचं काम सुरू करता येतं.